शिट्टी झाली की

आमच्या घरात सगळ्यांत जास्त वापरला जाणारा शब्द ‘नंतर’ होता, आणि तो फक्त बाबा वापरत. दुधनीला तळ्यावर जायचं, नंतर. माझ्या खोलीचा पंखा कुरकुरतो, नंतर. आईला दातांच्या डॉक्टरकडे वापीला न्यायचं, नंतर बघू. दात शेवटी आपोआप पडला. बाबा सिल्वासातल्या एका सूत रंगवणाऱ्या मिलमध्ये देखभाल विभागाचे मुख्य इंजिनिअर होते. कुठलंही मशीन बंद पडलं तर रविवारी जेवता जेवता उठून जात, आणि तिथे त्यांना ‘नंतर’ म्हणताना कुणी ऐकलेलं नाही. तो शब्द त्यांनी घरासाठी राखून ठेवला होता. मी लहानपणी त्याचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा समजायचे. मोठी झाल्यावर कळलं, की त्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे, फक्त नाही म्हणण्याचा वाईटपणा त्यात घ्यावा लागत नाही.

आईचा शब्द वेगळा होता. तिचा शब्द म्हणजे नुसता ‘की’. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद कर. दूध वर आलं की हाक मार. नळ आला की पिंप लाव. मिलचा भोंगा झाला की फुलके टाकायला घे. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायचे आणि या सगळ्या आज्ञा कानात नुसत्या पडून असायच्या. त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागत नसे. शिट्टी झाली की त्यातली एक आपोआप जागी व्हायची, हात गॅसकडे जायचा, आणि मी परत पुस्तकात. आई स्वतः तर कशासमोरही उभी राहत नसे. एका शेगडीवर वरण, दुसरीवर दूध, मध्ये भाजी चिरणं, खिडकीतून शेजारच्या हंसाबेनशी गप्पा. हंसाबेनकडून थंडीत उंबाडियुं यायचं, मातीच्या मडक्यात उलटं भाजलेलं, कंद, पापडी आणि ओल्या मसाल्याचा वास असलेलं. आमच्याकडून तिकडे नाशिकची काळ्या मसाल्याची आमटी जायची. खिडकीच्या गजांतून पातेली जात नसत म्हणून वाट्या जात, आणि त्या वाट्या कुणाच्या हे दोघींनी विचारायचं कधीच सोडून दिलं होतं.

अशी ही कशासाठीही न थांबणारी बाई दुपारी मात्र थांबायची. बाबांचं जेवण झाल्याशिवाय ती जेवत नसे. साडेबाराला सगळं तयार असायचं, आणि मग ती टेबलाशी बसून राहायची. वाचायची नाही, विणायची नाही, बोललं तर हूं म्हणायची. बाबा एकला येत, कधी तीनला, कधी येतच नसत आणि मिलचा पोऱ्या डबा न्यायला यायचा. मला त्या वेळी आईचा राग यायचा. आजही येतो. प्रेमाबिमाची गोष्ट नव्हती ती. कुणीतरी कधीतरी तिला सांगितलं होतं थांब, आणि ती थांबली होती, एवढंच.

आम्ही सामरवरणीला मिलच्या कॉलनीत राहत होतो. कॉलनीत मराठी कुटुंबं बरीच, मुंबई-पुण्या-नाशिकहून आलेली, आणि बहुतेकांची समजूत अशी, की आपण इथे थोड्या दिवसांसाठी आलो आहोत. वीस-वीस वर्षं ते थोड्या दिवसांसाठी राहिले. गणपतीत नाटक बसवायचे, इथल्या लोकांना संस्कृती नाही म्हणायचे, आणि दारूबंदीच्या गुजरातेतून दारू प्यायला येणाऱ्यांना नावं ठेवून शनिवारी त्याच दुकानांच्या रांगेत उभे राहायचे. माझी शाळा इंग्रजी. त्यामुळे मराठीत मी ‘पंखा लावली’ वगैरे बोलायचे, आणि कॉलनीतल्या बायका मला मुद्दाम दोन वाक्यं बोलायला लावून हसायच्या. मी बोलणंच कमी केलं. लोकांना वाटलं, मुलगी शांत आहे, सुस्वभावी आहे. नाशिकच्या आत्याने त्याच दोन शब्दांवर माझा फोटो चार घरी दाखवला होता. शांत माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं याची चौकशी कुणी करत नाही, हा शांत असण्यातला एकमेव फायदा.

वलसाडला जाऊन-येऊन मी बी.एस्सी. झाले आणि वापीला कॉम्प्युटरचा कोर्स केला. त्याच सुमारास मिलने रंगखात्यासाठी मुंबईच्या एका कंपनीकडून कॉम्प्युटर घेतला. सूत रंगवायच्या मोठ्या बंद भांड्यात पाणी किती तापलं, वाफ कधी सोडायची, रंग कधी घालायचा, हे सगळं पडद्यावर दिसणार आणि पडद्यावरून चालणार होतं. तो चालवायला कुणीतरी हवं होतं. बाबांनी माझं नाव सुचवलं, ते माझ्या हुशारीवर विश्वास म्हणून नव्हे, मी त्यांच्यासोबत स्कूटरवर जाईन-येईन आणि कुणाला काही म्हणायला जागा राहणार नाही म्हणून. अट अशी ठरली, की शेठसमोर चाचणी नीट झाली तर मला कायम घेणार. नाही झाली तर मी घरी, आणि घरी म्हणजे नाशिकच्या आत्याच्या हातात. दिवाळीनंतर बघण्याचे कार्यक्रम ठरलेलेच होते. ही एकच गोष्ट बाबांनी ‘नंतर’ म्हणून पुढे ढकलली नव्हती.

कॉम्प्युटरबरोबर मिलिंद आला. मुंबईच्या कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर, तिशीच्या आतला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. ज्या भाषेत लिहिला होता तिची अक्षरं टी, सी, एल, पण म्हणायचं ‘टिकल’, असं त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं. रंगखात्याचे फोरमन भामरे नाना धुळ्याकडचे. त्यांनी पडद्याकडे बघत शांतपणे विचारलं, “टिकल का पन?” सगळे हसले. मिलिंदला विनोद कळला नाही. त्याने पुन्हा अक्षरं सुट्टी करून सांगितली.

सुताच्या पहिल्या घाण्याला सगळं खातं पडद्यासमोर जमलं. पाणी तापत गेलं, आकडे चढत गेले, एकशेतीसला पोचले. आता रंग सुतात मुरावा म्हणून अर्धा तास तेवढंच तापमान ठेवायचं होतं. आणि पडद्यावरचा आकडा एकशेतीसवर जो थांबला तो थांबलाच. एक अंश वर नाही, एक अंश खाली नाही. जनरल मॅनेजर म्हणाले, हातानं वाफ सोडणाऱ्या माणसाला हे जन्मात जमलं नसतं. बाबांनी मिलिंदच्या पाठीवर हात ठेवला. मी कोपऱ्यात उभी होते आणि पडद्याच्या वरच्या टोकाला जे लहानसं घड्याळ होतं त्याच्याकडे बघत होते. तेही थांबलं होतं. सेकंदसुद्धा पुढे सरकत नव्हता. तेवढी सगळी शिकलेली माणसं एका बंद पडलेल्या पडद्याचं कौतुक करत होती. भांड्यावरच्या गोल काट्याकडे फक्त भामरे नाना बघत होते. त्यांना हळूच विचारलं तर म्हणाले, “काटा उतरून राहिला, मॅडम. पन साहेबांना दिसतंय ना आतमधी. आपल्याला काय.” नानांबद्दलही माझं मत त्या दिवशी ठरून गेलं.

सूत बाहेर निघालं ते ठिपक्याठिपक्यांचं, कुठे गडद, कुठे फिकं. मॅनेजरांनी मिलिंदला बोलावलं. मी शेजारच्याच खोलीत होते. दार लावायची तसदी त्याने घेतली नाही. प्रोग्राममध्ये दोष नाही म्हणाला, ऑपरेटर नवीन आहे, मध्येच कीबोर्डला हात लागला असेल, लेडीज आहेत, थोडं सांभाळून घ्यावं लागेल. ‘सांभाळून घ्यावं लागेल’ हे त्याने मोठ्या मनाने म्हटलं होतं. मॅनेजर म्हणाले, शेठ पुढच्या आठवड्यात येतायत, त्यांच्यासमोर असं झालं तर दुसरी व्यवस्था बघू. दुसरी व्यवस्था म्हणजे दुसरा ऑपरेटर. त्या घाण्यात मी कीबोर्डच्या हातभर जवळही गेले नव्हते. बाबांना संध्याकाळी स्कूटरवर हे सांगितलं तर वाऱ्यात ओरडून म्हणाले, नंतर बोलू.

त्याच आठवड्यात बाबांनी मिलिंदला जेवायला बोलावलं. गेस्ट हाउसचं खाऊन कंटाळला असेल बिचारा, हे कारण. आईने पुरण घातलं. तो जेवताना हातवारे करत बोलायचा, वाढायला आलेल्या आईला मध्येच हाताने थांबवायचा, वाक्य पुरं करायचा आणि मग ताट पुढे करायचा. आई तेवढा वेळ वाकलेली. बाबांनी आईला सांगितलं, विचार ना त्याला, कॉम्प्युटर काय करतो ते. आईने काही विचारलं नव्हतं, तरी त्याने सांगितलं.

“काकू, समजा तुम्ही दूध तापत ठेवलंय. माणसाचं लक्ष इकडेतिकडे जातं. कॉम्प्युटरला मी सांगतो, इतका वेळ थांब. की तो थांबला. दुधासमोर उभा. हलणार नाही, बोलणार नाही.”

“मग पोळ्या कोण लाटतं?” आई म्हणाली.

बाबा मोठ्याने हसले, मिलिंदही हसला, काकूंची विनोदबुद्धी चांगली आहे म्हणाला. आईने विनोद केला नव्हता. ती पोळ्यांचंच विचारत होती. मी मात्र हातातला घास तसाच धरून बसले, कारण पडद्यावरचं ते थांबलेलं घड्याळ मला पुन्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्याचा प्रोग्राम उघडला. तो कुलपात वगैरे नव्हता. वाचणारं कुणी असेल अशी शंकाच त्याला आली नव्हती. सोबत भाषेच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीचा गठ्ठा होता, त्याला चहाचे डाग होते, पण पानं उलटल्याच्या खुणा फारशा नव्हत्या. शाळेने मला मराठी धड शिकवलं नाही, पण इंग्रजी वाचायला नीट शिकवलं, आणि मला वाचायला वेळ होता. त्या भाषेचा जीव सगळा ‘की’वर होता. बटण दाबलं की हे कर. आकडा आला की ते कर. एरवी प्रोग्राम नुसता कान टवकारून बसलेला. हे वाचताना मला हसू आलं, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून मी हेच तर करत होते. आणि काही काम लांबणीवर टाकायचं असेल तर त्यासाठी एक शब्द होता, ‘आफ्टर’. त्याच्यापुढे वेळ लिहायची आणि मग महिरपी कंसात काम. तसं लिहिलं तर निरोप ठेवून प्रोग्राम मोकळा होतो, बाकीचं सगळं बघत राहतो, आणि वेळ भरली की ते काम करतो. पण कंस गाळून नुसती वेळ लिहिली, तर तो तिथेच उभा राहतो. तेवढा वेळ त्याला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. वाफेचा नळ ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, आकडा जो असेल तोच. मिलिंदने जागोजाग नुसती वेळ लिहिली होती. त्याच्या मनात ‘नंतर’चा अर्थ तेवढाच होता, बाकी जगाने थांबायचं.

मी त्याला सांगायला गेले. तालीम करून गेले, मराठीत, लिंगं चुकू नयेत म्हणून लहान वाक्यं. त्याने वर न बघता ऐकलं आणि म्हणाला, “आफ्टर म्हणजे नंतर. यात कळण्यासारखं काय आहे? तुम्ही टायपिंगकडे लक्ष द्या.” मग पेन खिशाला लावत, जरा मऊपणाने, पुरणपोळी फार छान झाली होती म्हणाला. माझ्याजवळ दुरुस्त केलेली प्रत तयार होती. ती मी दिली नाही. इतकी वर्षं झाली, ते बरोबर केलं की नाही याचा मी विचार केलेला नाही. मागितली असती तर दिली असती.

शेठ आले, मुंबईहून, पांढऱ्या सफारीत, बरोबर दोन माणसं. सगळं खातं धुऊन काढलं होतं. मिलिंदने स्वतःच घाणा चालू केला, मला म्हणाला तुम्ही हात नका लावू. आकडे चढले, एकशेतीसला पोचले, थांबले. मॅनेजरांनी शेठना तो न हलणारा आकडा दाखवला. शेठनी मान हलवली. मला ठाऊक होतं, की तासाभराने ठिपक्यांचं सूत निघेल आणि सगळे माझ्याकडे बघतील, बाबासुद्धा. मराठीत माझ्या तोंडून काही निघालं नसतं. म्हणून मी मिलिंदशी इंग्रजीत बोलले. इंग्रजीत बोलताना मला नेहमी वाटतं, की बोलणारी मी नाहीच, दुसरी कुणीतरी जास्त उंच बाई आहे.

“सर, शेठजींना स्टॉपचं बटण दाखवाल? अडचण आली तर कसं थांबवायचं ते.”

शेठ म्हणाले, “हां, ए बताओ.”

मिलिंदने बटण दाबलं. काही झालं नाही. बटण आत गेल्यासारखंही दिसलं नाही. पुन्हा दाबलं. माउस उचलून खालची गोळी पुसली, पुन्हा दाबलं. म्हणाला, सिस्टिम विचार करतेय. मग बोलता बोलता, हसता हसता दाबतच राहिला. शेठनी गुजरातीत आपल्या माणसाला विचारलं, “आ चालू छे के बंद?” चहा आला. कपबशा हातात घेऊन सगळे त्या एकशेतीसकडे बघत उभे राहिले. जगातला कुठलाही आकडा इतका वेळ इतक्या लोकांनी बघितला नसेल. भामरे नाना भांड्याजवळ उभे राहून या वेळीही नुसते काट्याकडे बघत होते.

अर्धा तास भरला आणि प्रोग्राम जागा झाला. घड्याळाने उडी मारली. आकडा एकशेतीसवरून थेट एकशेबारावर कोसळला. आणि मिलिंदने दाबलेली सगळी बटणं, जी तोवर आत कुठेतरी रांगेत उभी होती, ती एकामागून एक पोचली. तेच बटण एकदा दाबलं की बंद, परत दाबलं की चालू, अशी त्याचीच रचना. झडपा खाडकन मिटल्या, उघडल्या, मिटल्या, उघडल्या. भांडं खोकल्यासारखं हादरायला लागलं. नानांनी शेवटी हाताने वाफ तोडली. कुणीही बटणाला हात लावत नव्हतं, मिलिंदचे दोन्ही हात चहाच्या कपाला होते, आणि मशीन मघाच्या आज्ञा इमानाने पाळत होतं. आमच्या कॉलनीच्या गणपतीत इतकं चांगलं नाटक कधी झालं नाही.

शेठनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं. दुरुस्त होईल का. मी म्हटलं झालेलं आहे. सुधारलेली प्रत चढवून दुपारी दुसरा घाणा लावला. आकडा एकशेतीसच्या आसपास सारखा हलत होता, एक खाली, एक वर, जिवंत माणसाच्या नाडीसारखा, आणि मॅनेजरांना ते बघून काळजी वाटली. सूत मात्र एकरंगी निघालं. मला कायम केलं. शेठनी बाबांचं अभिनंदन केलं, माझं नाही. बाबांनी ते स्वीकारलं. मिलिंद माझी प्रत फ्लॉपीवर घालून घेऊन गेला, आणि पुढे दादऱ्याच्या एका कारखान्यात तीच बसवली असं कानावर आलं. तिथे त्याने ती समजून घेतली असेल असं मला वाटत नाही.

महिन्याभराने त्याच्या मामांचा बाबांना मिलमध्ये फोन आला. मुलाला मुलगी पसंत आहे. हुशार आहे, त्याच्या कामात मदत होईल. बाबांनी ही बातमी सकाळी चहाच्या वेळी सांगितली, फार खुशीत. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मी त्यांना आपण नंतर कळवतो असं सांगितलंय. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की या वेळी ‘नंतर’चा अर्थ ‘हो’ आहे, फक्त मला सांगायचा वाईटपणा त्यांना नको होता. कॉम्प्युटरच्या त्या भाषेत एक चांगली सोय होती. पुढचं काम नेमलं की त्याची पावती मिळायची, आणि पावती दाखवली की नेमलेलं काम रद्द करता यायचं. बाबांनी त्यांच्या कुठल्याही ‘नंतर’ची पावती कधी कुणाला दिली नव्हती.

“नंतर नाही,” मी म्हटलं. “आज मिलमधून फोन करा आणि नाही म्हणून सांगा. तुम्ही नाही केलात तर मी करेन.”

मराठीत म्हटलं. एकही लिंग चुकलं नाही. बाबांनी आईकडे बघितलं, तिने मला समजावावं म्हणून. आई गॅसकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, “नाही म्हणतेय ती. ऐकू आलं ना?” बाबा स्कूटरची किल्ली घेऊन एकटेच निघून गेले.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. साडेबाराचा भोंगा झाला. आईने दोन ताटं घेतली, वाढली, एक माझ्यापुढे सरकवलं आणि दुसऱ्यासमोर स्वतः बसली. मी तिच्याकडे बघितलं, तर म्हणाली, निवतंय. आम्ही जेवलो. वरणात मीठ जरा कमी होतं. ते तिने स्वतःच ओळखलं, उठून घेऊन आली.

बाबा दोन वाजता आले. फोन केला, एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला गेले. परत आले तेव्हा टेबलावर एकच ताट झाकून ठेवलेलं होतं. ते उभेच राहिले.

“तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“आमचं झालं,” आई म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन हंसाबेनला हाक मारली.